झोपलं की छातीत दुखतं, पुढे वाकलं की बरं वाटतं: डायलिसिसच्या पेशंटनं हे कसं ओळखायचं

डायलिसिसला पेशंट आला की आम्ही सिस्टर लोक आधी वजन घेतो, मग बीपी. मी १९ वर्षं हेच करतेय. पण गेली काही वर्षं मी वजनाच्याही आधी एक गोष्ट बघते: माणूस खुर्चीत बसतोय कसा.

ही सवय मला एका काकांनी लावली. आठवड्यातून तीनदा येणारे, तीन वर्षं जुने पेशंट. खुर्ची मागे पाडायची, चादर ओढायची आणि सुया लागायच्या आत घोरायला लागायचं, ही त्यांची पद्धत. मध्ये घरच्या काही अडचणींमुळे त्यांची दोन सेशन चुकली. नंतर आले तेव्हा उशी मांडीवर घेतली, दोन्ही कोपरं तिच्यावर टेकवली आणि तसेच पुढे झुकून बसले. मी खुर्ची मागे पाडली. ते परत उठून बसले. "काका, टेका की मागे." "नको सिस्टर, असंच बरं वाटतंय." मला वाटलं, पाठ दुखत असेल.

एरवी दीडशेच्या घरात असणारं वरचं बीपी त्या दिवशी ११० होतं. तासाभरात ८४ वर आलं. मी पाणी काढणं थांबवलं, सलाईन दिलं, पाय वर केले आणि बीपी चढल्यावर सेशन कसंबसं पुरं केलं. फाईलमध्ये लिहिलं, 'बीपी डाऊन, सलाईन दिलं.' पुढच्या वेळी तेच झालं आणि मीही तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी त्यांना पुढे वाकवलं, श्वास बाहेर सोडून रोखून धरायला सांगितलं, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला आणि मला म्हणाले, "ऐका." नवी वहाण चालताना करकरते ना, अगदी तसा आवाज. ठोक्यागणिक करकर. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाभोवती दीड सेंटिमीटर जाडीचं पाणी दिसलं. दोन सेशन मी बीपी सांभाळत बसले आणि ते का पडतंय हे विचारलंच नाही. म्हणून हे लिहितेय.

आत होतं काय

हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. दोन पदरांच्या मध्ये साधारण १५ ते ५० मिलि पाणी असतं, हृदय हलताना घासू नये एवढ्यापुरतं. किडनी बंद पडली आणि रक्तातली घाण पुरेशी निघाली नाही की हे पदर सुजतात, खरखरीत होतात. ही सूज म्हणजे पेरिकार्डायटिस. पदर एकमेकांवर घासले की दुखतं आणि तो करकर आवाज येतो. मग मध्ये पाणी साठायला लागतं. गंमत अशी की पाणी जास्त झालं की पदर एकमेकांपासून लांब होतात आणि कधीकधी दुखणं कमी होतं. पेशंट म्हणतो, बरं वाटतंय. ते बरं वाटणं फसवं असू शकतं.

फाईलवर दोन नावं दिसतील. डायलिसिस सुरू होण्याआधी किंवा सुरू केल्यावर पहिल्या आठ आठवड्यांत सूज आली तर यूरेमिक पेरिकार्डायटिस. नीट घडी बसल्यावर, नंतर कधीतरी आली तर डायलिसिस पेरिकार्डायटिस. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा डायलिसिस कमी पडतंय किंवा अंगात पाणी जास्त राहतंय, आणि कधीकधी दोन्ही. शिवाय किडनीच्या पेशंटला इतरांसारखी विषाणूनं, टीबीनं, ल्युपसनंही (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) अशी सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टर त्याही तपासण्या करतात. बीपीच्या गोळ्यांची यादी मागतात त्यालाही कारण आहे: मिनॉक्सिडिलनं हृदयाभोवती पाणी साठू शकतं आणि हायड्रालझिननं ल्युपससारखा आजार होऊ शकतो.

किडनीच्या आजारात हृदयाचं आवरण सुजतं हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्या काळी ती करकर ऐकू आली म्हणजे शेवट जवळ आला असं डॉक्टर समजायचे. कारण उपायच नव्हता. कोल्फ यांचं फिरत्या ड्रमचं डायलिसिस मशीन १९४३ चं, आणि वारंवार डायलिसिस करता येईल असा स्क्रिब्नर यांचा शंट (हातात कायम ठेवायची नळी) १९६० चा. आज हीच सूज बहुतेकांची नीट डायलिसिस केल्यानं ओसरते. फक्त ती वेळेवर कुणाच्या तरी लक्षात यायला हवी.

घरी काय बघायचं

'छातीत दुखतंय' एवढं सांगून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

पहिली, आडवं पडल्यावर वाढतं का आणि उठून पुढे वाकल्यावर कमी होतं का. रात्री माणूस झोपायचं सोडून टेबलावर डोकं टेकून बसलाय, दोन दोन उश्या पोटाशी धरून बसलाय, हे घरच्यांना आमच्या आधी दिसतं. दुसरी, दीर्घ श्वास घेतला किंवा खोकलं की कळ येते का. तिसरी, दुखणं कुठवर जातं. मानेपासून खांद्याकडे उतरणारा जो स्नायू आहे, ओझं उचलून दुखतो तो, तिथे कळ गेली तर आवर्जून सांगा, कारण या आजारात ती खूण मोलाची असते. चौथी, ताप आहे का. थोडा कणकणीसारखा असला तरी मोजून आकडा लिहा.

आता दोन इशारे. काहींना अजिबात दुखत नाही. नुसती धाप लागते, कोरडा खोकला येतो, गळून गेल्यासारखं वाटतं आणि डायलिसिसमध्ये बीपी पडतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं धरू नका.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त असतं आणि मधुमेह असेल तर अटॅकचं दुखणं नेहमीसारखं जाणवतही नाही. 'पुढे वाकल्यावर कमी झालं, म्हणजे आवरणाचंच आहे' असा निकाल घरी लावून झोपून जाऊ नका. छातीतलं नवं दुखणं म्हणजे कॅज्युअल्टी, त्याच वेळी. वरच्या चार गोष्टी तिथल्या डॉक्टरांना सांगायला आहेत, घरी निदान करायला नाहीत.

बसल्या जागी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, नेहमीपेक्षा बरंच कमी बीपी, बसलेलं असतानाही मानेच्या शिरा फुगलेल्या, यांतलं काहीही दिसलं तर गाडी चालवत नेण्यापेक्षा अॅम्ब्युलन्स बोलवा. साठलेलं पाणी हृदयाला बाहेरून दाबत असेल तर असं होतं. त्याला टॅम्पोनेड म्हणतात आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो. अशा वेळी नाडी जोरात धावेल असं पुस्तकात असतं, पण किडनीच्या पेशंटची नाडी कधीकधी फारशी वाढतच नाही. नाडी ८० आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पेशंटला उताणं झोपवायचा आग्रह धरू नका, ज्या बैठकीत श्वास येतोय त्याच बैठकीत न्या. जाताना दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असली गोळी देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो, आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते.

कॅज्युअल्टीत काय बोलायचं

तिथे ड्यूटीवर असलेले डॉक्टर तुम्हाला ओळखत नाहीत. मी आमच्या पेशंटच्या नातेवाइकांना वाक्य पाठच करायला लावते, असं: "हे डायलिसिसचे पेशंट आहेत. शेवटचं सेशन अमुक दिवशी झालं, चार तासांऐवजी तीन तास चाललं. ड्राय वेट ५८, आज ६१ भरलं. गेल्या दोन सेशनला बीपी पडलं. आडवं पडलं की दुखतं, वाकलं की कमी होतं. टू-डी इको करता येईल का?" (ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन.) आणि लगेच दुसरं: "फिस्टुला डाव्या हाताला आहे, त्या हातावर बीपी घेऊ नका, सुई टोचू नका." फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली हातातली रक्तवाहिनी. घाईगर्दीत हे दुसरं वाक्य राहून जातं आणि चांगला चाललेला फिस्टुला बंद पडलेला मी पाहिलाय.

सेशन चुकवलं असेल तर ते लपवू नका. रागावतील म्हणून लोक 'हो, केलं' म्हणतात. रागावले तर रागावले. पण त्या एका उत्तरावर डॉक्टरांचा विचार कुठल्या दिशेला जाईल हे ठरतं.

ईसीजी निघेल. तो नॉर्मल आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमका तिथे घोळ होतो. इतर पेरिकार्डायटिसमध्ये ईसीजीच्या बहुतेक लीडमध्ये रेषा वर उचललेली दिसते. किडनीच्या पेशंटमध्ये सूज आवरणापुरती राहते, हृदयाच्या स्नायूच्या पृष्ठभागात उतरत नाही, म्हणून तो बदल बरेचदा दिसतच नाही. म्हणजे स्वच्छ ईसीजीनं हा आजार नाही असं ठरत नाही. (ईसीजी तरीही लागतोच. सेशन चुकलेल्या माणसाचं पोटॅशियम किती चढलंय याची खूण त्यात दिसू शकते, आणि अटॅकही बघायचा असतो.) ट्रोपोनिनचंही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तसंच. डायलिसिसवाल्यांचं ते एरवीही थोडं वाढलेलं असतं, म्हणून एका आकड्यावर न जाता काही तासांनी परत करून चढतंय का ते बघतात. जुने रिपोर्ट सोबत असले तर याच ठिकाणी उपयोगी पडतात.

खरी गोष्ट सांगतो तो इको. पाणी आहे का, किती जाड थर आहे, हृदयाचे कप्पे दाबले जातायत का. १० मिलिमीटरच्या आतला थर थोडा, २० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. पण नुसत्या जाडीवर घाबरू नका आणि निवांतही होऊ नका. हळूहळू साठलेलं लिटरभर पाणी पिशवी सामावून घेते, तर झपाट्यानं साठलेलं २०० मिलिसुद्धा हृदय दाबू शकतं.

मशीनवर असताना

आता माझ्या अखत्यारीतलं. पाणी वाढलंय म्हणून आपण पाणी काढायला जातो, आणि काढायला लागलं की बीपी कोसळतं. बाहेरून दाबलेल्या हृदयाला भरून घ्यायलाच जोर लागतो, त्यात आपण रक्तातलं पाणी कमी केलं की ते आणखी रितं होतं. मग आम्ही सलाईन देतो, पाणी काढणं कमी करतो, पेशंट पाणी अंगात घेऊनच घरी जातो, आणि पुढच्या वेळी सूज आणखी वाढलेली. काकांच्या बाबतीत मी हेच चक्र दोनदा फिरवलं.

बीपी पडायची साधी कारणं पुष्कळ असतात: सकाळी बीपीची गोळी घेतली, सेशनमध्ये भरपेट खाल्लं, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत चार किलो वाढवून आले. ती आधी बघायचीच. पण यातलं काही नसताना सलग दोन सेशन नवीनच बीपी पडायला लागलं, तर मी डॉक्टरांना फोन करते आणि इकोचा विषय काढते. पेशंटनंही विचारावं: "सिस्टर, माझं आधी असं होत नव्हतं, हृदयाभोवती पाणी तर नाही ना?" हे विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही. मला तर त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निदान झाल्यावर उपाय काय, तर जास्त डायलिसिस. ज्याचं सुरूच झालेलं नाही त्याचं सुरू करायचं. आधीच चालू आहे त्याचं बहुधा रोज, १० ते १४ दिवस. नातेवाइकांना हे पटायला वेळ लागतो. "त्याला आधीच बीपी झेपत नाही आणि तुम्ही रोज लावणार?" हो, रोज. पण पाणी बेतानं काढत, अधूनमधून इको बघत, आणि हेपरिनशिवाय.

हेपरिनचं नीट समजून घ्या, कारण इथे पेशंट स्वतः पहारा देऊ शकतो. सुजलेलं आवरण ओलं, कच्चं असतं, पटकन रक्त सोडतं. साठलेलं पाणीही बरेचदा रक्ताळलेलंच निघतं. त्यात रक्त पातळ करणारं हेपरिन गेलं तर पिशवीत रक्तस्राव होऊन हृदय दाबलं जाऊ शकतं. म्हणून या काळात सेशन 'हेपरिन-फ्री' करतात: दर १५ ते ३० मिनिटांनी सलाईननं फिल्टर धुवायचा, रक्ताचा वेग चांगला ठेवायचा आणि फिल्टर काळपट पडतोय का यावर डोळा ठेवायचा. तरी कधी फिल्टर जाम होतो, बदलावा लागतो. त्यात टेक्निशियनची चूक असतेच असं नाही, भांडू नका. धुताना गेलेलं सलाईन नंतर काढायच्या पाण्यात धरलंय ना, एवढं विचारा.

शिफ्ट बदलते, सिस्टर बदलते, आणि हात सवयीनं हेपरिनच्या सिरिंजकडे जातो. खोटं कशाला बोलू, माझाही गेलाय. एका पेशंटच्या बायकोनं खुर्चीला मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'हेपरिन नाही'. आम्ही हसलो, पण चिठ्ठी काढली नाही. मानेतला किंवा छातीतला कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर आणखी एक गोष्ट: सेशन संपल्यावर कॅथेटर बंद करताना आतही बरेचदा हेपरिन भरतात. त्याऐवजी दुसरं काही भरायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. घरी अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर पट्टीच दाखवा. मात्र आपल्या मनानं बंद करू नका, स्टेंट घातलेल्या माणसाला ते महागात पडतं.

रोज डायलिसिसनं माणूस थकतो, आणि पोटॅशियम, फॉस्फरस उलटं खाली घसरू शकतं. एरवी जे खाऊ नका म्हणून आम्ही ओरडतो ते या पंधरवड्यात थोडं चालूही शकतं, पण रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच.

औषधांबद्दल थोडक्यात. हृदयाच्या आवरणाला सूज म्हटलं की नेटवर पहिली दोन नावं सापडतात ती वेदनाशामक गोळ्या आणि कोल्चिसिन. ही दोन्ही औषधं किडनी धड असलेल्या लोकांसाठीची. किडनी पूर्ण गेलेल्याच्या अंगात कोल्चिसिन साठतं आणि विषासारखं काम करतं. 'माझ्या मेव्हण्याला यानंच बरं वाटलं' हे ऐकून घ्या आणि सोडून द्या. स्टिरॉइड द्यायचं की नाही हा डॉक्टरांचा निर्णय.

रोज डायलिसिस करूनही पाणी हटेना, किंवा हृदय दाबलं जायला लागलं, तर पाणी बाहेर काढतात. इकोवर बघत, बहुधा छातीच्या हाडाच्या टोकाखालून सुई घालतात आणि काही वेळा बारीक नळी थोडे दिवस ठेवतात. परत परत साठत असेल तर शस्त्रक्रियेनं पिशवीला छोटी खिडकी करतात. काकांवर ती वेळ आली नाही. १२ दिवस रोज मशीनवर आले, आठव्या दिवशी परत खुर्ची मागे पाडायला लागले.

परत होऊ नये म्हणून

सेशन अर्ध्या तासानं लवकर सोडा म्हणणाऱ्यांना मी हिशेब करून दाखवते. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ सेशन. प्रत्येकातला अर्धा तास गेला तर ७८ तास. चार तासांच्या सेशनच्या भाषेत वर्षाला जवळजवळ २० सेशन बुडवल्यासारखं. एकदम २० चुकवायची कुणाची छाती होत नाही, अर्धा अर्धा तास मात्र सहज जातो.

वेळ पूर्ण देऊनही सफाई कमी होऊ शकते. महिन्याच्या रिपोर्टमध्ये केटी बाय व्ही (सेशनमध्ये रक्त किती साफ झालं त्याचं माप) बघा, तीन सेशनवाल्यांना किमान १.२, उद्दिष्ट १.४. किंवा यूआरआर (सेशनमध्ये रक्तातला युरिया किती टक्के घटला), तो निदान ६५ टक्के. आकडा घसरत असेल तर फिस्टुला कुठे अरुंद झालाय का, साफ झालेलंच रक्त परत मशीनमध्ये फिरतंय का, कॅथेटरच्या नळ्या उलट्या जोडल्या जातायत का, हे तपासायला लावा. फिस्टुल्यावर रोज हात ठेवून थरथर बघायची. ती कालपेक्षा मंद लागली तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

आणि ड्राय वेट. काकांचं ड्राय वेट वर्षभर तेच होतं, ६४. मधल्या काळात जेवण कमी झालं, मांस उतरलं आणि तेवढं पाणी त्या जागी भरलं. काटा ६४ च दाखवत राहिला आणि आम्ही खूश. १२ दिवसांनंतर त्यांचं खरं वजन निघालं साडेएकसष्ट. आजारपण झालं, भूक गेली, कपडे सैल झाले, की वजन तेच असलं तरी ड्राय वेट पुन्हा ठरवून मागा.

बरं झाल्यावर पुढचा इको कधी, ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. काही जणांचं आवरण सूज ओसरल्यावर पुढे काही महिन्यांत जाड, आवळलेलं होतं. मग ड्राय वेट बरोबर असूनही पायांवर आणि पोटावर सूज राहते, दम कमी पडतो. असं दिसलं तर नुसतं 'पाणी वाढलंय' म्हणून सोडू नका. आधी पेरिकार्डायटिस होऊन गेलाय हे सांगा, आणि तो जुना इको सोबत न्या.